छोटा डिजिटल कॅमेरा बिघडला? दुकानात नेण्याआधी घरीच करायची तपासणी

पोळ्याच्या सकाळी बैल सजून दारात उभे आहेत आणि कपाटातला कॅमेरा बटण दाबूनही उठत नाही. नाहीतर लेन्स अर्धी बाहेर येऊन करकरते, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटतं आणि सगळं बंद पडतं. लोक म्हणतात, "गेला कामातून." मग कॅमेरा एक तर लेकरांना खेळायला मिळतो, नाहीतर मोबाईलवाल्याकडे जातो आणि तो पाना लावून उघडतो. दोन्हीची घाई करू नका. खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्यांचे बरेचसे बिघाड सेल, कार्ड आणि धूळ या तीन बाहेरच्या गोष्टींतून होतात, आणि त्या तपासायला स्क्रूला हात लावावा लागत नाही.

हे कॅमेरे अजून कामाचे आहेत. ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत, तिथे हाच उपयोगी पडतो. शाळेत, बचत गटात, ग्रामपंचायतीत एखादा पडलेला असतोच. शहरातली पोरंही हल्ली जुने कॅमेरे शोधून विकत घेतात. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटचे उपाय, मग पाच-पन्नास रुपयांचे आणि शेवटी दुकान.

आधी हे जवळ जमवा

- पांढरं खोडरबर आणि कापसाच्या काड्या (इअरबड)
- रबरी फुग्याचा ब्लोअर. नसेल तर मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज, सुई न लावता
- कोरा, मऊ, बारीक ब्रश. चित्रकलेचा चालेल, पण कधीच रंगात न बुडवलेला
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात तेच. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको
- चष्मा पुसायचं मऊ कापड
- मल्टिमीटर. स्वतःचा नसेल तर गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे असतोच
- कार्ड रीडर आणि चालत असल्याची खात्री असलेलं एक जादा कार्ड
- कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेला मॉडेल नंबर कागदावर लिहून. मॅन्युअल शोधताना, बॅटरी घेताना तोच लागतो
- बिल आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटी चालू असेल तर खालचं काहीच करू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा

दोन गोष्टी मात्र कधीच वापरू नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा जोरात येते आणि तिच्यात तेल-पाणी असतं. ती धूळ बाहेर काढण्याऐवजी आत घुसवते. दुसरं म्हणजे गंज सोडवायचा स्प्रे. लेन्सच्या नळीत तो एकदा गेला की काचेवर तेलाचा थर बसतो आणि शटरची पाती एकमेकांना चिकटतात.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: कॅमेऱ्याचं अंग उघडू नका. फ्लॅशला वीज पुरवणारा कपॅसिटर आत असतो, तो साधारण ३०० व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यानंतरही बराच वेळ भरलेला राहू शकतो. बोट लागलं तर जोराचा झटका बसतो. "बॅटरी तर काढली आहे" या भरवशावरच लोक फसतात.

१. कॅमेरा चालूच होत नाही

तुमचा कॅमेरा पेन्सिल सेलवर चालतो की चपट्या लिथियम बॅटरीवर, ते आधी पाहा. दोघांची दुखणी वेगळी आहेत.

पेन्सिल सेलवाला असेल तर बहुतेक वेळा सेलच चुकीच्या प्रकारचे घातलेले असतात. घड्याळात, रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्याला पुरत नाहीत. लेन्सची मोटर फिरताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम मोठा करंट ओढतो. तेव्हा या सेलचा व्होल्टेज कोसळतो, कॅमेरा क्षणभर उजळतो आणि विझतो. गंमत म्हणजे अशा सेलवर बहुतेकदा 'हेवी ड्यूटी' छापलेलं असतं. तुम्ही 'अल्कलाइन' लिहिलेले घ्या, किंवा त्याहून बरे म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड, २००० एमएएच किंवा त्याच्या आसपासचे. यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याने बिचकू नका. ते करंट भरपूर देतात. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत 'बॅटरी टाइप' असतं, तिथे सेलचा प्रकार बदलून घ्या, नाहीतर सेल भरलेले असतानाही संपल्याची खूण दिसते.

एक नवा आणि एक जुना सेल अशी जोडी लावू नका. जुना लवकर उतरतो आणि नव्यालाही ओढून नेतो. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी भरलेले हवेत.

लिथियम बॅटरीवाला असेल तर मल्टिमीटर लावा. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेली बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट दाखवते. ३.४ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे. ४.२ दाखवते, पण दोन-चार फोटोंतच संपते, अशी बॅटरी म्हातारी झाली आहे. व्होल्टेज भरलेला दिसतो पण साठा उरलेला नसतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका. आणि बॅटरी फुगली असेल, सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, तर ती चार्ज करू नका, टोचू नका, चुलीत तर अजिबात टाकू नका.

बॅटरी बरी असूनही कॅमेरा मुका असेल तर पुढे पाहा.

टोकं: बॅटरीवरचे पिवळे पट्टे खोडरबराने घासा, भुगा ब्रशने झाडा. खोबणीतल्या पिना कापसाच्या काडीवर एक थेंब अल्कोहोल घेऊन पुसा. जुने अल्कलाइन सेल आतच राहून पाझरले असतील तर पांढरी-हिरवी पूड दिसेल. तो क्षार आहे, म्हणून काडीला किंचित लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसायचा, फसफस थांबली की अल्कोहोलने पुन्हा पुसून तासभर वाळू द्यायचा. रस आत ओघळता कामा नये, त्यासाठी खोबणीचं तोंड खाली राहील असा कॅमेरा धरून काम करा.

बॅटरीचं दार: इथे पुष्कळ जण चकतात. अनेक मॉडेलमध्ये दाराच्या कडेला एक इवलंसं प्लास्टिकचं बोट असतं आणि दार लागलं की ते आतला बारीक स्विच दाबतं. ते बोट तुटलं किंवा दार सैल झालं तर कॅमेऱ्याला दार उघडंच वाटतं आणि तो सुरू होत नाही. दार अंगठ्याने घट्ट दाबून बटण दाबा. कॅमेरा चालू झाला तर रोग सापडला. रुंद रबरबँड लावूनही वर्षानुवर्षं काम चालतं.

चार्जिंग: बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, म्हणजे गावात व्होल्टेज कमी असला तरी चार्जर चालतो, फक्त एकदा आकडा पाहून घ्या. आपल्याकडे मुख्य अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात दुपारी टिनाच्या खोलीत चार्जरचा दिवा लुकलुकतो आणि बॅटरी भरत नाही, कारण ४० अंशांच्या वर बॅटरी चार्ज करायची नसते आणि पुष्कळ चार्जर स्वतःच थांबतात. पहाटे लावा, लगेच भरेल. चिमट्याच्या युनिव्हर्सल चार्जरवर भरायची वेळ आलीच तर पिना फक्त प्लस आणि मायनसला लावा. मधली तिसरी पट्टी तापमान कळवण्यासाठी किंवा बॅटरीची ओळख पटवण्यासाठी असते, तिला लावू नका. असा चार्जर रात्रभर लावून झोपूही नका.

२. लेन्स अडकली: 'लेन्स एरर'

या कॅमेऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. लेन्स म्हणजे एकात एक बसलेल्या दोन-तीन नळ्या. त्यांच्यामधली फट केसाएवढी. नदीच्या रेतीचा एक कण, वावरातली वाळलेली माती, जिनिंगजवळ उडणारा कापसाचा तंतू यांपैकी काहीही त्या फटीत अडकलं की मोटर जोर लावते, पुढे सरकत नाही आणि कॅमेरा स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. दुसरं कारण म्हणजे लेन्स बाहेर असताना पडणं. तिसरं, पिशवीत बटण दाबलं जाऊन लेन्स कापडाला अडणं. चौथं कारण सगळ्यात साधं: बॅटरी उतरलेली असते आणि मोटर अर्ध्या वाटेत थांबते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे शब्द वेगळे. कॅननमध्ये 'लेन्स एरर, रीस्टार्ट कॅमेरा' किंवा जुन्या मॉडेलवर 'ई१८', निकॉनमध्ये 'लेन्स एरर', सोनीमध्ये 'सी:३२' ने सुरू होणारा आकडा. सोनीचा 'सी:१३' मात्र कार्डाचा आहे, त्यासाठी लेन्सला छळू नका.

आधी एक सोय सांगतो. लेन्स अडकली तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो पाहायचं, त्रिकोणाच्या खुणेचं बटण दाबून धरलं की लेन्स न हलवता कॅमेरा सुरू होतो. जुने फोटो तिथे दिसतील.

आता क्रमाने:

पहिली पायरी. पूर्ण भरलेली बॅटरी घालून पाहा. ती काढा, दहा मिनिटं थांबा, परत घाला, सुरू करा. इतक्यानेही कित्येक कॅमेरे चालू होतात.

दुसरी. कॅमेरा लेन्स खाली करून धरा. ब्लोअरने नळ्यांच्या गोल फटीभोवती हवा मारा, सगळीकडून, किमान दोन मिनिटं. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. मग कोरड्या ब्रशने फट झाडा. लेन्स खालीच असू द्या, वर केली की मोकळा झालेला कण पुन्हा आत जातो.

तिसरी. झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. नळ्यांमधल्या फटीत दोन-तीन मिलिमीटरच सरकवा आणि गोल फिरवत न्या. रेती असेल तर कागद एका जागी अडेल आणि खरखर जाणवेल. तिथेच हळू मागेपुढे करा, मग पुन्हा हवा मारा. सुई, टाचणी, ब्लेड यांचा मोह टाळा. नळीच्या आत लवचीक चपटी तार असते, ती कापली गेली तर लेन्स कायमची गेली.

चौथी. लेन्स खाली ठेवून सुरू करा आणि त्याच वेळी कॅमेऱ्याचा तळ तळहातावर हलके आपटा. जोर किती? मुठीतले शेंगदाणे झटकावेत इतकाच.

पाचवी, आणि ही फक्त वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यासाठी. लेन्स समोरून पाहा. एका बाजूने आत दबलेली, वाकडी दिसते का? दिसत असेल तर नळी खाचेतून सटकली आहे. कॅमेरा सुरू करताना उंच राहिलेली कड अंगठ्याने हळू, सरळ आत दाबा. 'टक्' असा आवाज येऊन ती जागेवर बसू शकते. दोन-तीनदाच करा. पक्कडीने ओढणं, जोराने पिळणं याने प्लास्टिकच्या गिअरचे दात झडतात, मग दुकानदारालाही पूर्ण लेन्सच बदलावी लागते.

करकर आवाज येतो पण नळी हलत नाही, म्हणजे बहुधा दात झडले. आवाजच नाही, म्हणजे मोटर किंवा तार गेली. दोन्ही घरी होण्यासारखं नाही.

लेन्सच्या तोंडावरची दोन पाती अर्धीच उघडत असतील तर घाबरायचं कारण नाही. घामट बोटांचा चिकटा कडेला बसलेला असतो. काडीला जेमतेम ओल येईल इतकंच अल्कोहोल लावा आणि कडा पुसा.

३. कार्डाच्या तक्रारी

'कार्ड लॉक्ड' किंवा 'राइट प्रोटेक्ट' आलं तर कार्डाच्या डाव्या कडेची बारीक पट्टी पाहा. ती खाली सरकली की कार्डाला कुलूप लागतं. पट्टी तुटून पडली असेल तर त्या खाचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा सपाट चिकटवा. टोकांवर मात्र टेप येऊ देऊ नका.

'कार्ड एरर' आलं तर आधी सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासा, दोन-चार वेळा आतबाहेर करा. मोबाईलचं छोटं कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून वापरत असाल तर अ‍ॅडॉप्टर बदलून पाहा. ढिल्या अ‍ॅडॉप्टरपायी चांगली कार्डं बदनाम होतात.

जुना कॅमेरा आणि नवं कार्ड जुळत नाही, ही दुकानात हमखास होणारी चूक. बाजारात दिसणाऱ्या कार्डांच्या तीन पिढ्या आहेत. २ जीबीपर्यंत साधं एसडी, ४ ते ३२ जीबी एसडीएचसी आणि त्यापुढचं एसडीएक्ससी. एसडीएचसी आलं २००६ मध्ये, एसडीएक्ससी २००९ मध्ये. त्याआधीच्या कॅमेऱ्याला पुढच्या पिढीचं कार्ड वाचता येत नाही. कार्ड खराब नसतं, कॅमेरा जुना असतो. म्हणून कॅमेऱ्यावर किंवा मॅन्युअलमध्ये नुसतं 'एसडी' असेल तर २ जीबी किंवा कमी, 'एसडीएचसी' असेल तर ३२ जीबीपर्यंतचं घ्या. ८ जीबी पुष्कळ झालं. १२ मेगापिक्सलचा फोटो सुमारे ४ एमबीचा धरला तरी ४ जीबीत हजाराच्या आसपास फोटो बसतात. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते, ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलना एक्सडी कार्ड. एक्सडी २ जीबीच्या पुढे निघालंच नाही आणि आता नवं मिळणं कठीण. असा कॅमेरा जुना विकत घेत असाल तर कार्डासकटच घ्या.

बाजारात, जत्रेत ६४ जीबीचं कार्ड भलतंच स्वस्त मिळालं तर संशय घ्या. आत २ किंवा ४ जीबीची चिप घालून वर मोठा आकडा दाखवणारी बनावट कार्डं फिरतात. सुरुवातीचे फोटो नीट येतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो अर्धे करडे निघतात किंवा उघडतच नाहीत, आणि ते परत मिळत नाहीत. संगणकावर 'एच२टेस्टडब्ल्यू' हे मोफत साधन कार्ड काठोकाठ भरून तपासतं. लग्नाला नेण्याआधी तपासा, नंतर नाही.

व्हिडिओ आपोआप थांबतो, त्याची दोन कारणं. कार्ड हळू असेल तर काही सेकंदांत थांबतो, एचडी व्हिडिओला वेगाचा क्लास ६ किंवा १० लिहिलेलं कार्ड घ्या. बराच वेळ चालून थांबत असेल तर फाइल ४ जीबीच्या मर्यादेला भिडली असेल किंवा २९ मिनिटं ५९ सेकंदांची हद्द आली असेल. कीर्तन किंवा भाषण रेकॉर्ड करताना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सवय ठेवा.

फोटो चुकून पुसले? कार्ड तत्क्षणी बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेला फोटो कार्डावर तसाच असतो, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. 'फोटोरेक' किंवा 'रेकुव्हा' संगणकावर चालवा आणि सापडलेले फोटो संगणकातच साठवा, त्याच कार्डावर नको.

फॉरमॅट, म्हणजे कार्ड पूर्ण कोरं करणं, नेहमी कॅमेऱ्यातच करा, संगणकावर नाही. आधी फोटो उतरवलेत ना, हे एकदा पाहून.

४. फोटो संगणकावर किंवा मोबाईलवर घेताना

केबल लावून काहीच होत नसेल तर बहुतेकदा केबल नुसती चार्जिंगची असते, डेटाची तार तिच्यात नसते. काही कॅमेऱ्यांचं सॉकेट कंपनीचं खास असतं, त्यात जबरदस्तीने दुसरी पिन घुसवू नका. केबलचा नाद सोडून कार्ड रीडर घेणं सोपं. मोबाईलला लागणारा ओटीजी रीडर असेल तर फोटो थेट मोबाईलमध्ये येतात.

तालुक्याच्या सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात कार्ड देण्याआधी ती बारीक पट्टी सरकवून कुलूप लावा. त्या संगणकांना दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह लागतात आणि व्हायरस तिथेच पसरतो. काही रीडर हे कुलूप जुमानत नाहीत, पण बरेचसे मानतात.

कुलूप नव्हतं आणि घरी आल्यावर कार्ड रिकामं दिसतं, किंवा फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतो? त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, फॉरमॅटही करू नका. फोटो बहुधा लपवलेले असतात. विंडोजमध्ये फोल्डर ऑप्शन्स उघडून लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय निवडा आणि सिस्टम फाइल लपवण्याची खूण काढा. 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर पुसट दिसू लागेल. फोटो त्यातून काढून घ्या, अँटिव्हायरस चालवा, मग कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

५. फोटो काळे, पांढरे, पट्ट्यांचे येतात

इथे एक चाचणी पुरते. आधी काढलेले जुने फोटो पडद्यावर पाहा.

- जुने फोटो नीट दिसतात, पण समोरचं दृश्य काळं: शटर (उजेड अडवणारी-सोडणारी पाती) बंद अवस्थेत अडकलं किंवा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) गेला.
- जुनेही दिसत नाहीत, मेनूही नाही, पण काढलेला फोटो संगणकावर नीट येतो: फक्त पडदा किंवा त्याची तार गेली. त्याआधी 'डिस्प्ले' बटण दोन-तीनदा दाबून पाहा. पडदा चुकून बंद केलेला असतो.
- घरातले फोटो बरे, उन्हातले पांढरेफटक, उभ्या रेघा ओढलेले: शटर उघडंच राहतं आहे.

शटर अडकलं आहे का, हे डोळ्याने कळतं. फ्लॅश बंद करा, कॅमेरा आपल्याकडे वळवून लेन्समध्ये पाहा आणि फोटो काढा. आतली काळी पाती क्षणभर मिटलेली दिसायला हवीत.

जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्यात पडद्यावर सूर्य किंवा ट्रॅक्टरचा दिवा आला की जांभळी-गुलाबी उभी रेघ दिसते. तो बिघाड नाही, त्या सेन्सरचा स्वभाव आहे. पण रेघा कायम असतील आणि चित्र जांभळं, फाटल्यासारखं येत असेल, तर कॅमेऱ्याचं वय विचारा. साधारण २००२ ते २००४ मधल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण-दमट हवेत निकामी होत. ऑक्टोबर २००५ मध्ये या कंपन्यांनी ते जाहीर करून मोफत दुरुस्ती देऊ केली होती. आता ती मिळण्याची आशा धरू नका.

आता बिघाड नसून वापरातली चूक असते, ती प्रकरणं.

फ्लॅशच्या फोटोत पांढरे गोल ठिपके: भूतबित काही नाही. लेन्ससमोर तरंगणारी धूळ, कापसाचे तंतू किंवा पावसाचे थेंब फ्लॅशने उजळतात. फ्लॅश आणि लेन्स जवळजवळ असल्याने छोट्या कॅमेऱ्यात हे जास्त. पुसून जात नाहीत, फ्लॅश बंद करणं हाच उपाय.

रात्रीचं नाटक, दंडार काळी येते: या फ्लॅशचा पल्ला जेमतेम ३-४ मीटर, झूम केल्यावर त्याहून कमी. झाडीपट्टीच्या नाटकात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारला तर पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं आणि रंगमंच काळा राहतो. फ्लॅश बंद करा, मेनूतला आयएसओ (कमी उजेडात टिपण्याची ताकद) ८०० किंवा १६०० ठेवा, झूम करू नका, कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावून काढा. टायमरमुळे बटण दाबतानाचा हादरा जातो.

बोंडअळीचा, पानावरच्या किडीचा फोटो पुसट येतो: मॅक्रोची, फुलाची खूण लावली नसेल तर कॅमेरा ३०-५० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. मॅक्रो लावल्यावरही झूम पूर्ण मागे असेल तेव्हाच तो २ ते ५ सेंटिमीटरपर्यंत जातो, झूम केला की ती ताकद जाते. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट आली की श्वास रोखून पूर्ण दाबा. फ्लॅश बंद, नाहीतर बोंड पांढरंफटक येईल. आणि वारा सुटला असेल तर थांबा, फांदी हलत असताना कुठलाच कॅमेरा जमवत नाही.

दरवेळी एकाच जागी, आकाशावर ठळक दिसणारा काळा डाग: काच पुसूनही जात नसेल तर धूळ आत सेन्सरवर आहे. घरी निघत नाही.

६. तारीख सारखी मागते

आत एक बारीक सेल किंवा साठवण असते, ती मुख्य बॅटरीवर भरते. कॅमेरा महिनोन्‌महिने बॅटरीविना पडला की ती उतरते. भरलेली बॅटरी घालून एक दिवस तसाच ठेवा, मग तारीख लावा. काही जुन्या मॉडेलमध्ये वेगळा बटण सेल असतो, तो बदलता येतो. नुकसानीचे फोटो कुठे जोडायचे असतील तर काढण्याआधी तारीख पाहा, कारण फोटोवर छापलेली चुकीची तारीख नंतर पुसता येत नाही.

७. ऊन, कूलर आणि झड

बहुतेक कंपन्या कॅमेरा ० ते ४० अंशांत वापरायला सांगतात. चंद्रपूर-नागपूरकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि फटफटीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागे त्याहूनही जास्त तापतं. बॅटरी तिथे सगळ्यात आधी खराब होते. सुती कापडात गुंडाळून, अंगावरच्या पिशवीत न्या.

कूलरची खोली थंड असते म्हणून लोक कॅमेरा तिथे ठेवतात. पण कूलर दमट हवा सोडतो. त्या खोलीतल्या कपाटात उन्हाळाभर पडलेल्या लेन्सला, वर पावसाळ्याचे चार महिने, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. लेन्स उजेडाकडे धरून तिरकी पाहिली की दिसते. आतली बुरशी घरी निघत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्याने ती टळते. पुड्या ओलावल्या की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतात, फक्त त्यांचं वेष्टण ताप सोसणारं नसेल तर नुसते दाणे काढून परता. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणं सोडून द्या. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याचं पीठ लेन्सच्या फटीत जातं.

एसी गाडीतून चिखलदऱ्याच्या धुक्यात उतरताच कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा, मग काढा.

पाण्यात, चिखलात पडला तर पहिली आणि शेवटची गोष्ट: चालू करून पाहू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, सगळी दारं उघडी ठेवा, बाहेरून पुसा आणि पंख्यासमोर सावलीत निदान दोन-तीन दिवस वाळू द्या. ऊन नको, केस वाळवायचा ड्रायर नको. ओला असताना दाबलेलं बटण पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

८. दुकानात देताना, जुना घेताना

नागपूर-अमरावतीसारख्या शहरातला कॅमेरा दुरुस्त करणारा गाठा, मोबाईलवाला नको. खर्चाचा अंदाज आधी घ्या आणि तो होकार देण्याआधी उघडणार नाही, हे ठरवून घ्या. पूर्ण लेन्स बदलायची असेल आणि खर्च तसाच जुना चालू कॅमेरा मिळतो त्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर दुरुस्ती सोडा. बॅटरी, चार्जर, कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्याला लागतातच.

जुना विकत घेताना स्वतःची भरलेली बॅटरी आणि कार्ड सोबत न्या. पाच वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐका. झूम पूर्ण पुढे-मागे करा. पांढऱ्या भिंतीचा एक, आकाशाचा एक आणि अंधाऱ्या खोलीत फ्लॅशचा एक, असे तीन फोटो काढा. बॅटरीचं दार आणि आतल्या पिनांवर हिरवी पूड आहे का ते पाहा. चार्जर नसेल तर किंमत पाडून मागा, कारण बॅटरीच्या मॉडेलप्रमाणे तो वेगळा घ्यावा लागतो.

दुरुस्तीला सोडताना कार्ड आणि पट्टा घरी ठेवा, तळाचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या आणि नेमकी तक्रार कधी येते तेही लिहा. 'चालत नाही' असं न लिहिता 'झूम केल्यावर लेन्स अडते, बॅटरी भरलेली' असं लिहा.